अर्ज भरण्यापूर्वीं

सातारा जिल्ह्यांत मिलिटरी अपशिंगे नांवाचें एक गांव आहे. पहिल्या महायुद्धांत या एकट्या गांवचे ४६ जवान कामास आले, आणि गांवाच्या नांवामागें ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. त्या मुलखांत आजही असें घर विरळा कीं ज्याच्या भिंतीवर गणवेषांतील एखादी तसबीर नाहीं. अशाच एखाद्या घरांतील बारावीच्या वर्गांत शिकणारा एक मुलगा डोळ्यांपुढें आणावा. त्याचें वय सतरा. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. घरांतील माणसें निजलीं आहेत. समोर संगणकाच्या पडद्यावर संघ लोकसेवा आयोगाचा अर्ज उघडलेला आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचा तो अर्ज. मुलानें नांव लिहिलें, जन्मतारीख लिहिली, वडिलांचें नांव लिहिलें, आणि तेथें त्याचा हात थबकला.

त्याचे आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आजोबांचे वडील शिपाईच राहिले. शिपाईगिरी या घराला नवी नाहीं. परंतु अधिकारी होण्यासाठीं अर्ज करणारा हा पहिलाच. ज्या वाटेनें घरांतलें कोणी गेलेलें नाहीं, त्या वाटेच्या तोंडाशीं उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मनांत काय चाललें असेल, याची कल्पना मोठ्या माणसांना सहसा येत नाहीं. तीं म्हणतात, “भिण्यासारखं काय आहे त्यांत? हिंमत धर.” हा उपदेश चांगल्या हेतूनेंच केलेला असतो, पण त्यानें मुलाची अडचण दुप्पट होते. आधीं त्याला भीति वाटत होती. आतां भीति वाटते याची लाजही वाटूं लागते.

मुलानें अर्ज बाजूस सारला, गणिताच्या वहीचें शेवटलें पान काढलें, आणि मनांत होतें तें एकाखालीं एक लिहून काढलें. दहा प्रश्न झाले. इंग्रजी नीट बोलतां येत नाहीं. शहरांतलीं मुलें पुढें असतील. गणिताचा पेपर जमेल का? चालतांना गुडघे एकमेकांस लागतात, तेवढ्यावरून काढून टाकतील का? खर्च किती येईल? बारावीचा निकाल लागण्याआधीं अर्ज चालतो का, आणि संधि एकदांच मिळते का? नापास झालों तर गांव काय म्हणेल? शिक्षण चालूं असतांना हातपाय मोडला तर? आईला काय वाटेल? आणि दहावा प्रश्न त्यानें फार बारीक अक्षरांत लिहिला: प्रसंग आला आणि मी भ्यालों तर?

हे दहा प्रश्न एकाच पानावर असले तरी ते एका जातीचे नाहींत. मनांत ते एकमेकांत मिसळून एक मोठा काळा ढग होतो, आणि त्या ढगाकडे पाहून मुलगा म्हणतो, “हें आपल्याच्यानें व्हायचें नाहीं.” ते वेगळे करून पाहिले म्हणजे दिसतें कीं कांहीं चिंता केवळ माहितीच्या अभावीं उत्पन्न झालेल्या आहेत, कांहीं चिंतांना श्रम हें औषध आहे, आणि कांहीं अशा आहेत कीं त्यांचें उत्तर कोणाजवळच नाहीं. पहिल्या जातीच्या चिंतेला धैर्य लागत नाहीं, चौकशी लागते. जो मुलगा चौकशीच्या जागीं धैर्य खर्च करूं पाहतो, त्याच्याजवळ खऱ्या प्रसंगीं धैर्य उरत नाहीं.

प्रथम चौकशीचे प्रश्न घेऊं जातां त्यांची उत्तरें सरळ आहेत. तिन्ही सैन्यदलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण द्यावें या हेतूनें निघालेल्या संस्थेचा आरंभ १ जानेवारी १९४९ रोजीं डेहराडूनजवळ झाला, आणि १६ जानेवारी १९५५ रोजीं पुण्याजवळ खडकवासल्यास प्रबोधिनीचें रीतसर उद्घाटन झालें. प्रवेशपरीक्षा वर्षांतून दोन वेळां होते. प्रवेशाचे वेळीं उमेदवाराचें वय साधारणपणें साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावें लागतें. म्हणजे संधि एकदांच मिळते ही समजूत खोटी. बारावीस बसलेल्या विद्यार्थ्यालाही अर्ज करतां येतो. भूदलासाठीं बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदलासाठीं व वायुदलासाठीं मात्र गणित व विज्ञान हवें. निवड झाल्यावर प्रबोधिनींतील तीन वर्षांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलतें. त्यानंतर भूदलाचा उमेदवार डेहराडूनला, नौदलाचा केरळांतील एळिमला येथें आणि वायुदलाचा हैदराबादजवळ दुंडिगल येथें जातो. किरकोळ खर्चासाठीं घरून कांहीं पैसे लागतात, पण शेत गहाण टाकण्याची वेळ कोणावर येत नाहीं.

गुडघ्यांचा प्रश्नही याच जातीचा. दोन्ही गुडघे जुळवून उभें केल्यावर घोट्यांमध्यें किती अंतर राहतें, तें लष्करी डॉक्टर मोजून पाहतात. थोडें अंतर क्षम्य असतें. फार असल्यास तें अपात्रतेचें कारण होऊं शकतें. घरांत बसून आरशांत पाहून त्याचा निर्णय लागत नाहीं. तालुक्याच्या डॉक्टराकडे जाऊन तो पांच मिनिटांत लागतो. अनेक दोष तात्पुरते व उपचारानें बरे होणारे असतात, आणि वैद्यकीय तपासणींत अपात्र ठरलेल्या उमेदवारास पुन्हा तपासणी मागण्याचा हक्क आहे. जे दोष खरोखरीच जन्माचे आहेत ते आधींच कळलेले बरे. त्यांत मुलाचा अपराध कांहींच नसतो.

हें सारें वाचीत असतां त्याची चौदा वर्षांची बहीण उठून मागें येऊन उभी राहिली. तिनें विचारलें, “मुलींना घेतात का रे?” काल-परवांपर्यंत या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें होतें. ऑगस्ट २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानें ही परीक्षा मुलींस खुली झाली. २०२२ मध्यें १९ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांपैकीं १७ जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. महाराष्ट्र शासनानें मुलांच्या पूर्वतयारीसाठीं १९७७ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, संस्था काढली होती. तशीच मुलींसाठीं २०२३ पासून नाशिकला निघाली आहे. बहिणीनें तें सर्व ऐकून घेतलें आणि ती कांहीं न बोलतां जाऊन निजली. तिच्या मनांतील पान आतां वेगळें लिहिलें जाणार हें उघड होतें.

आतां दुसऱ्या जातीचे प्रश्न. लेखी परीक्षेंत गणिताला ३०० व सामान्य क्षमतेच्या पेपराला ६०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, म्हणून अंदाजानें ठोकून देण्याची संवय येथें घातक ठरते. अर्ज करणारांची संख्या लाखांत मोजावी लागते आणि जागा एका वेळीं सुमारें चारशें असतात. हे आंकडे कठीण आहेत. ते सौम्य करून सांगण्यांत मुलाचें हित नाहीं. परंतु कठीण आंकड्यांना तोंड देण्याचा मार्ग नेहमींचाच आहे: पहांटेचा दीड तास, रोजचा, वर्षभर.

लेखी परीक्षेहून मुलांना अधिक धाक वाटतो तो निवड मंडळाचा. तेथें पांच दिवस राहावें लागतें. पहिल्या दिवसाच्या चाळणींत जे टिकत नाहींत ते त्याच दिवशीं परत येतात. जे टिकतात त्यांची परीक्षा तीन बाजूंनीं होते. एक मानसशास्त्रज्ञ कागदावरून परीक्षा करतो: अर्धा मिनिट एक चित्र दाखवून चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात; एकामागून एक साठ शब्द दाखवितात आणि प्रत्येक शब्दावर मनांत येईल तें वाक्य पंधरा सेकंदांत लिहावें लागतें; साठ प्रसंग देऊन अर्ध्या तासांत, ‘तुम्ही काय केलें असतें,’ तें विचारतात. दुसरा अधिकारी मैदानावर परीक्षा करतो: फळ्या, दोर व ओंडके देऊन मुलांच्या गटाला एखादा खंदक ओलांडावयास लावतो. तिसरा समोर बसवून घरची, गांवची, शाळेची हकीकत विचारतो. तिघे आपापलें मत स्वतंत्रपणें बनवितात, आणि शेवटल्या दिवशीं एकत्र बसून तीं मतें ताडून पाहतात.

ही पद्धति दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यांत निघाली व तेथून हिंदुस्थानांत आली. तत्पूर्वीं अधिकारी निवडतांना घराणें आणि शाळा यांवर बरीचशी भिस्त असे. युद्धानें अधिकारी इतक्या संख्येनें मागितले कीं घराण्यांवर भागेना. आणि ज्याचा बाप कोणीच नाहीं अशा मुलांत नेतृत्व आहे कीं नाहीं, हें पारखण्याची रीत शोधावी लागली. खेड्यांतल्या मुलानें ही गोष्ट मनांत वागवावी. जी परीक्षा त्याला शहरी मुलांची मक्तेदारी वाटते, तिचा जन्म घराण्याची मक्तेदारी मोडण्याच्या गरजेंतून झालेला आहे.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. आपला विचार स्पष्टपणें मांडतां येणें हा अधिकाऱ्याचा आवश्यक गुण आहे, आणि तेथें बहुतेक व्यवहार इंग्रजींतून चालतो. पण स्पष्ट बोलणें व झोंकदार बोलणें या दोन गोष्टी निराळ्या. जो रोज वर्तमानपत्रांतील एक मजकूर मोठ्यानें वाचतो आणि त्याचा सारांश चार साध्या वाक्यांत मित्राला सांगतो, त्याची जीभ सहा महिन्यांत मोकळी होते. याच्या उलट, कोणी सांगितलें म्हणून पाठ केलेलीं सुंदर उत्तरें घेऊन जाणारा मुलगा तिथें फसतो. पंधरा सेकंदांत साठ वेळां खोटें सुचत नाहीं. आणि कागदावर शूर असलेला मुलगा मैदानावर दुसऱ्याच्या हातांतील दोर हिसकावूं लागला म्हणजे कागद व मैदान यांची विसंगति तिघांनाही दिसते.

या मुलाजवळ जें आहे त्याची त्याला किंमत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत गांवांत पाण्याचा टँकर येई तेव्हां भांडणें होत. त्यानें व त्याच्या तिघां मित्रांनीं घरांच्या क्रमानें चिठ्ठ्या लावल्या, म्हाताऱ्यांच्या घागरी स्वतः वाहिल्या, आणि आठ दिवसांत भांडण मिटलें. जत्रेच्या कुस्त्यांचा आखाडा खणण्यापासून हिशेब चुकता करण्यापर्यंतचें काम त्यानें केलें आहे. हें कोणीं विचारलें तर तो म्हणेल, “त्यांत काय सांगायचं?” वास्तविक सांगावयाचें तें तेंच आहे.

आतां सातवा प्रश्न: नापास झालों तर गांव काय म्हणेल? १९५८ सालची गोष्ट आहे. मद्रासेहून विमानविद्येचें शिक्षण पुरें केलेला रामेश्वरमचा एक तरुण वायुदलांत वैमानिक होण्याच्या इच्छेनें डेहराडूनच्या निवड मंडळापुढें गेला. पंचवीस उमेदवारांत त्याचा नववा क्रमांक लागला. निवड आठांची झाली. तो तेथून खिन्न मनानें हृषीकेशला गेला. त्याचें नांव अब्दुल कलाम. पुढें ते क्षेपणास्त्रांचे शिल्पकार झाले, राष्ट्रपति झाले, आणि ८ जून २००६ रोजीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, पुण्याच्या लोहगांव तळावरून त्यांनीं सुखोई विमानांतून उड्डाण केलें.

या गोष्टीचा अर्थ नीट घ्यावयास हवा. नाकारलेला प्रत्येक मुलगा राष्ट्रपति होत नसतो, आणि तशी आशा दाखविणें हें सांत्वन नव्हे. अर्थ एवढाच कीं मंडळानें त्या दिवशीं त्या जागेपुरतें ‘नाहीं’ म्हटलें होतें. तो सबंध माणसाविषयींचा निकाल नव्हता, आणि तरुणानेंही तो तसा मानला नाहीं. शिवाय सैन्यांत अधिकारी होण्याचा हा एकच दरवाजा नाहीं. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. राष्ट्रीय छात्रसेनेंतून वाट आहे. आणि शिपाई म्हणून भरती झालेल्या गुणी जवानालाही डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजांतून अधिकारी होतां येतें. मुलानें सातव्या प्रश्नावर रेघ ओढली. गांव चार दिवस बोलेल. पांचव्या दिवशीं गांवाला दुसरा विषय मिळेल.

पानावर तीन प्रश्न उरले. शिक्षण चालूं असतां इजा झाली तर? या प्रश्नाला गोड उत्तर नाहीं. दरवर्षीं कांहीं छात्रांना शिक्षणकाळांत गंभीर दुखापती होतात आणि त्यांना घरीं परतावें लागतें. अधिकारपद मिळण्यापूर्वींच इजा झाल्यामुळें त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे, आणि मिळणारी मदत अपुरी पडे. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या मुलांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यांत सरकारनें माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ त्यांना देऊं केला. सुधारणा सुरू झाली आहे. तरी धोका आहे, आणि तो असल्याचें अर्ज करणाऱ्यानें व त्याच्या आईबापांनीं जाणून असावें.

त्याहून मोठा धोकाही आहे. १४ ऑक्टोबर १९५० रोजीं पुण्यांत जन्मलेला अरुण खेत्रपाल खडकवासल्यास शिकला आणि जून १९७१ मध्यें रणगाडादळांत अधिकारी झाला. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत, जळत्या रणगाड्यांतून माघार घेण्यास नकार देऊन, तो धारातीर्थीं पडला. त्याला परमवीरचक्र मिळालें. अधिकारी होऊन त्याला सहा महिने झाले होते आणि वय एकवीस होतें. ही कथा सांगतांना लोक परमवीरचक्रावर थांबतात. आई मात्र एकविसावर थांबते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें वहीचें तें पान आईपुढें ठेवलें. आईनें भाकरी थापतां थापतां तें वाचलें. नवव्या प्रश्नापाशीं तिचा हात क्षणभर थांबला. ती म्हणाली, “तू जा, असं मी म्हणणार न्हाई, आन् जाऊ नको, असंबी म्हणणार न्हाई. तुझ्या आजीनं एकाहत्तर साली दोन महिने पत्राची वाट बघितली, ते मला तिनं सांगितलंय. माझ्या वाट्याला आलं तर मीबी बघंन. पर तू गणवेषासाठी जाणार असशील तर जाऊ नको.” एवढें बोलून तिनें भाकरी तव्यावर टाकली.

दहावा प्रश्न आजोबांसाठीं होता. म्हाताऱ्यानें चष्मा लावून तें बारीक अक्षर वाचलें आणि कांहीं वेळ तो गप्प बसला. मग त्यानें सांगितलें. १९७१ मध्यें तो साधा शिपाई होता, पूर्वेच्या आघाडीवर. एका रात्रीं नदी ओलांडावयाची होती. पलटणींत नुकताच आलेला एक कोवळा लेफ्टनंट त्यांच्या तुकडीवर होता. नकाशा धरतांना त्याचे हात थरथरत होते, आणि तें सर्वांना दिसत होतें. “आम्हांला वाटलं, आता हा काहीतरी जोरात बोलणार,” आजोबा म्हणाले. “तो हळू आवाजात म्हणाला, पलीकडं काय आहे ते मला ठाऊक नाही, पहिला मी उतरतो, माझ्या मागं या. आणि उतरला. माझ्या अख्ख्या नोकरीत न भ्यालेला साहेब मी बघितला नाही. भ्यालेला साहेब चालतो, पोरा. आपल्या माणसांशी खोटं बोलणारा चालत नाही.”

प्रबोधिनीचें बोधवाक्य ‘सेवा परमो धर्मः’ असें आहे. तेथें पराक्रमाऐवजीं सेवा हा शब्द कां निवडला असावा, तें आजोबांच्या या हकीकतींत आहे. अधिकाऱ्याच्या हातीं तीस-चाळीस घरांचीं माणसें सोंपविलेलीं असतात. त्यांचें जेवण आधीं, आपलें मागाहून. त्यांचा मुक्काम आधीं पाहावयाचा, आपला मागाहून. आणि नदींत उतरावयाचें तेव्हां मात्र आपण आधीं. सतराव्या वर्षीं हा भार पेलेल कीं नाहीं अशी शंका ज्याला येते, त्याला त्या भाराचें वजन निदान समजलें आहे. ज्याला ती शंका शिवलीच नाहीं, त्याला कदाचित् गणवेषच तेवढा दिसला असेल.

ज्या घरांत असा एखादा मुलगा किंवा अशी एखादी मुलगी अर्ज उघडून बसली असेल, तेथील वडील माणसांनीं एवढें करावें. हिंमतीचा उपदेश घटकाभर बाजूस ठेवून, “तुझे प्रश्न लिहून काढ,” असें सांगावें. जे चौकशीनें सुटतात ते सोडविण्यास आपण बरोबर जावें. जे श्रमानें सुटतात त्यांसाठीं घरांत एक कोपरा व एक तास मोकळा करून द्यावा. जे सुटतच नाहींत त्यांवर खोटें उत्तर देऊं नये, जवळ बसावें. आणि सर्व पाहून मूल म्हणालें कीं, “नको, माझी वाट दुसरी आहे,” तर तोही विचारपूर्वक केलेला निश्चय समजून त्याचा मान राखावा. भिऊन टाळलेली वाट आणि समजून सोडलेली वाट यांत फार अंतर आहे.

त्या रात्रीं मुलानें वही पुन्हा उघडली. चार प्रश्नांवर रेघा होत्या. तिहींपुढें त्यानें ‘करावयाचें’ असें लिहिलें. उरलेले तीन तसेच ठेवले; ते खोडून टाकण्याचा त्यानें प्रयत्न केला नाहीं. मग त्यानें अर्ज शेवटपर्यंत भरला, एकदां वाचून पाहिला, आणि पाठवून दिला.

पहांटे पांच वाजतां आजोबांनीं दाराची कडी वाजविली. मुलगा आधींच उठून उंबऱ्यावर बसला होता, आणि बुटांच्या नाड्या बांधीत होता. त्याच्या शेजारीं, भावाचे जुने बूट पायांत घालून, त्याची बहीण बसली होती.